जर्मनमधून इंग्रजीत फूड ॲलर्जीची प्रोटीन्स: नव्यानं हे काम सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या सोलापुरात कुणाच्याही घरी जेवायला बसा, ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी येणारच, आणि माझ्या बहिणीच्या पोराला नेमकी शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. लहान असताना एकदा त्यानं चटणीचं बोट चाटलं आणि ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, रिक्षात घालून पळालो आम्ही, तो दिवस घरात कुणी विसरलेलं नाही. मी तेव्हा जर्मन शिकत होते, ट्रान्सलेशनची छोटी-मोठी कामं घेत होते, आणि त्या दिवसापासनं ॲलर्जीवरचं जे काही जर्मनमध्ये हाताला लागेल ते वाचत गेले. आता बरीच वर्षं हेच करते, फूड ॲलर्जीच्या प्रोटीनवरचे पेपर, लॅबचे रिपोर्ट, पाकिटावरची लेबलं, सगळं जर्मनमधून इंग्रजीत.

जर्मनच्या बी-वन, बी-टू लेव्हल झालेली पोरं-पोरी विचारतात की ताई, ह्या लाइनमध्ये यायचं तर सुरुवात कुठनं करायची, म्हणून सगळं एका जागी लिहितेय. सायन्सवाले असाल तर उत्तमच, नसाल तरी अडत नाही, पण चिकाटी लागते, कारण इथं एक शब्द चुकला तर तो शेवटी कुणाच्या तरी घासात जातो.

पहिलं काम: डिक्शनरी बाजूला ठेवा, आधी वस्तू ओळखा

सोलापुरात नुसतं शेंगा म्हटलं की शेंगदाणेच, दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. कोकणातल्या माणसाला शेंगा म्हणा, तो विचारेल कसल्या, शेवग्याच्या का गवारीच्या. आपल्या गल्लीत कानडी बोलणारे पण शेंगाच म्हणतात, तेलुगू बोलणारे पल्ली म्हणतात, आणि वस्तू सगळ्यांच्या ताटात एकच. तीन-चार भाषा कानावर घेऊन वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, तीच सवय जर्मनला लावायची.

जर्मनमध्ये शेंगदाणा म्हणजे एर्डनुस. एर्ड म्हणजे भुई, नुस म्हणजे बदाम-अक्रोडासारखं कवचाचं फळ. आता बघा, जर्मन माणसानं त्याला जमिनीतलं नट म्हटलं आणि आपल्या लोकांनी भुईमूग म्हटलं, म्हणजे जमिनीतला मूग, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं आपलंच नाव बरोबर आहे, कारण ते झाड खरंच मूग-तूर-हरभऱ्याच्या कुळातलं आहे. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण मुद्दा असा की एर्डनुसमधल्या त्या नुसला भुलून त्याला ट्री नट्सच्या यादीत टाकलं तर इंग्रजी वाचणारा डॉक्टर चुकीच्या दिशेला जाईल. इंग्रजीत पीनट लिहायचं, आपल्याकडचं ग्राउंडनट नको, कारण युरोपच्या आणि अमेरिकेच्या दोन्ही कायद्यांत पीनट हाच शब्द आहे.

शंका आली की लॅटिन नाव शोधा. शेंगदाण्याचं आराकिस हायपोजिआ, ते जर्मनमध्ये पण तेच आणि इंग्रजीत पण तेच. प्रोटीनची अधिकृत नावं सुद्धा ह्याच्यावरनंच तयार होतात, पहिल्या शब्दाची साधारण तीन अक्षरं, दुसऱ्याचं एक, आणि पुढं नंबर, म्हणून आरा एच १, आरा एच २. कोंबडी म्हणजे गॅलस डोमेस्टिकस म्हणून गॅल डी, गाय म्हणजे बॉस डोमेस्टिकस म्हणून बॉस डी, पीच म्हणजे प्रूनस पर्सिका म्हणून प्रू पी. ही नावं जागतिक आरोग्य संघटना आणि इम्युनॉलॉजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची एक समिती ठरवते आणि तिचा डेटाबेस ऑनलाइन फुकट बघता येतो. ह्या नावांचं भाषांतर करायचं नसतं. जर्मन लेखक कधीकधी मध्ये आडव्या रेघा घालतात, इंग्रजीत त्या काढून नुसत्या मोकळ्या जागा ठेवायच्या, एवढंच.

वीस-पंचवीस प्रोटीन्स पाठ करा, खरंच पाठ करा

घराणी चारच धरा सुरुवातीला. पहिलं स्टोरेज प्रोटीनचं, जर्मनमध्ये श्पायशरप्रोटेईन. बी आपल्या कोंबासाठी जी शिदोरी साठवून ठेवतं ती ही प्रोटीन्स, कणगी भरून ठेवल्यासारखी. शेंगदाण्याची आरा एच १, २, ३ आणि ६ ह्यातलीच, भाजून-शिजवून सहसा मोडत नाहीत, पोटात पण लवकर पचत नाहीत, म्हणून गंभीर रिॲक्शनशी ह्यांचं नातं जास्त, त्यात आरा एच २ आणि ६ चं सगळ्यात जास्त. इथंच पहिली ठेच लागते: श्पायशर म्हणजे साठा आणि श्पायशल म्हणजे लाळ. शेवटच्या एका अक्षराचा फरक आणि ॲलर्जीच्या पेपरात दोन्ही शब्द येतात, तोंडात काय होतं ते सांगताना लाळ येणारच ना. रात्री अकरा वाजता थकलेल्या डोळ्यांनी हे दोन शब्द एकच दिसतात, मी अनुभवलंय.

दुसरं घराणं पीआर-१०. हे बर्च झाडाच्या परागांतल्या बेट व्ही १ चे भाऊबंद, सफरचंदात मॅल डी १, हेझलनटमध्ये कोर ए १, सोयात ग्लाय एम ४, शेंगदाण्यात आरा एच ८. उष्णतेनं बहुतेक मोडतात, म्हणून बरेचदा कच्च्या सफरचंदानं तोंड खाजतं आणि शिजवलेलं चालतं. जर्मन लिखाणात बर्च सारखा येतो कारण तिकडं वसंतात त्याचे पराग भरपूर उडतात. सोलापूरच्या उन्हात बर्च कुठनं असणार, म्हणून आपल्या डोक्यात हे पटकन बसत नाही, पण भूर्जपत्र ऐकलंय ना, तो हिमालयातला भूर्ज बर्चच्याच जातीतला, आणि जर्मन बिर्क, इंग्रजी बर्च, संस्कृत भूर्ज हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे. एवढं धरलं की विसरत नाही.

तिसरं लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, पीचचं प्रू पी ३ हे त्याचं मुख्य उदाहरण, उष्णतेला दाद देत नाही. चौथं प्रोफिलिन, जवळजवळ सगळ्या वनस्पतींत असतं. मग मासे आले की पार्व्हाल्ब्युमिन, कोळंबी-खेकडा आला की ट्रोपोमायोसिन. हे शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखेच आहेत, त्रास देत नाहीत.

अंड्याच्या पांढऱ्याचं गॅल डी १ म्हणजे ओव्होम्युकॉइड उष्णतेत टिकतं, गॅल डी २ म्हणजे ओव्हाल्ब्युमिन टिकत नाही. दुधात केसीन साधारण ८० टक्के आणि बाकीचं व्हे, जर्मनमध्ये मोल्क, आपण दूध फाडून पनीर केल्यावर जे पाणी उरतं ते. बॉस डी ५ हे व्हेमधलं प्रोटीन, बॉस डी ८ म्हणजे केसीन.

आयवाइस: ह्या एका शब्दासाठी वेगळा तास काढा

आय म्हणजे अंडं, वाइस म्हणजे पांढरं, म्हणून आयवाइस म्हणजे अंड्याचं पांढरं. आणि आयवाइस म्हणजेच प्रोटीन, कुठलंही, डाळीतलं, मांसातलं, काहीही. दोन्ही अर्थ रोजच्या वापरातले, दोन्ही बरोबर, आणि ॲलर्जीमध्ये ह्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

सुरुवातीच्या दिवसांत एका बेकरी मालाच्या घटकांच्या यादीत मी ह्यूनर-आयवाइसचं एग प्रोटीन केलं होतं. तिथं होतं एग व्हाइट. तपासणाऱ्या बाईंनी पकडलं म्हणून वाचलं. वाटतं तसं किरकोळ नाही हे, कारण एग प्रोटीन वाचल्यावर पिवळं बलक आहे का नाही, नुसतं वेगळं काढलेलं प्रोटीन आहे का अख्खं पांढरं, काहीच कळत नाही, आणि पलीकडं कंपनीचा माणूस त्या ओळीवरनं लेबल छापणार असतो.

तेव्हापासनं मी शेजार बघते. शेजारी आयगेल्ब किंवा डोटर, म्हणजे बलक, असेल तर आयवाइस म्हणजे एग व्हाइट. शेजारी फॅट आणि कार्बोहायड्रेट असेल तर प्रोटीन. पुढं दुसरा कुठला प्राणी किंवा झाड चिकटलेलं असेल, कूमिल्श-आयवाइस, सोया-आयवाइस, तर प्रोटीनच, गायीच्या दुधाचं, सोयाचं. पण ह्यूनर चिकटलेलं असेल तर ह्या नियमानं सुटत नाही, कारण ह्यूनर-आय म्हणजेच कोंबडीचं अंडं, तिथं कागद पूर्ण वाचायचा, आणि तरी नाही कळलं तर क्लायंटला विचारायचं, लाजायचं नाही. नीट लिहिणारे शास्त्रज्ञ स्वतःच हा घोळ टाळायला पांढऱ्यासाठी आयक्लार आणि बाकीला प्रोटेईन लिहितात, असा लेखक मिळाला की मला त्याला नमस्कार करावासा वाटतो.

क्लेबर-आयवाइस दिसलं तर घाबरू नका, क्लेबर म्हणजे चिकटवणारा, पण तो डिंक-फेविकॉल काही नाही, ते गव्हाचं ग्लूटेन. आणि इंग्रजी बाजूला पण एक जुळं आहे, अल्ब्युमिन आणि अल्ब्युमेन. शेवटी मेन असलेलं म्हणजे अंड्याचं पांढरं, मिन असलेलं म्हणजे प्रोटीनचा एक प्रकार. शेंगदाण्याच्या आरा एच २ ला २एस अल्ब्युमिन म्हणतात, त्यात अंड्याचा काही संबंध नाही, एका अक्षरानं अंडं घालू नका त्याच्यात. तो एस म्हणजे स्वेडबर्ग हे एकक, २एस, ७एस, ११एस जसं आहे तसंच राहू द्या.

समास सोडवा, शेवटून

शाळेत तत्पुरुष समास शिकलो ना, राजवाडा म्हणजे वाडाच, राजाचा. दुसरं पद मुख्य. जर्मनचे लांबलचक शब्द असेच, शेवटचा तुकडा मुख्य, बाकी सगळं त्याचं विशेषण, म्हणून पेन्सिल घेऊन उजवीकडनं तोडत या. एर्डनुस-श्पायशर-प्रोटेईन: प्रोटीन, कसलं, साठ्याचं, कशाच्या, शेंगदाण्याच्या, झालं, पीनट स्टोरेज प्रोटीन. लिहिताना ह्यात तीन एस सलग येतात आणि पोरांना वाटतं टायपो आहे, तर नाही, १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर तसंच लिहितात. त्याआधीच्या पेपरात एर्डनुसच्या शेवटी ते बी सारखं दिसणारं एस्त्सेट अक्षर असतं, म्हणून जुनं काही शोधताना दोन्ही स्पेलिंगनं शोधा. आयवाइसमध्ये मात्र ते अक्षर आजही तसंच आहे.

तोडताना एक जपा, एर्डनुस आणि एर्डनुसप्रोटेईन ह्यांत मिलिग्रॅमचा हिशोब बदलतो. शेंगदाण्यात प्रोटीन साधारण पाव हिस्सा, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रोटीन म्हणजे जवळपास ४ मिलिग्रॅम शेंगदाणा. शेवटचा तुकडा भाषांतरात गळाला तर डोस चौपट चुकतो.

क्रियापदं पण तुटतात. दी श्पायशरप्रोटेईन देर एर्डनुस ल्योझन बराइट्स इन गेरिंगन मेंगन श्वेअर रेआक्त्सिओनन आउस. ह्यात ल्योझन दिसलं की विरघळतात असं लिहून मोकळं होऊ नका, वाक्याच्या शेपटीला आउस बसलंय, दोन्ही मिळून आउसल्योझन, म्हणजे ट्रिगर करणं. आणि बराइट्सचं ऑलरेडी करायचं नाही, इथं त्याचा अर्थ इव्हन: स्टोरेज प्रोटीन्स थोड्या प्रमाणात सुद्धा गंभीर रिॲक्शन आणतात. टायपिंगला हात लावायच्या आधी पूर्णविरामापर्यंत वाचायची सवय इथंच लागते.

ओळखीचे वाटणारे शब्द

हे सगळ्यात जास्त फसवतात, कारण आपण डिक्शनरी उघडतच नाही. शालनफ्र्युश्ट बघून शेलफिश लिहिणारे मी पाहिलेत. ते नट्स आहेत, बदाम-अक्रोड-काजू. शेलफिश म्हणजे शालनटीर. फक्त शेवटचा तुकडा वेगळा, फ्र्युश्ट फळं, टीर प्राणी. काजूच्या जागी कोळंबी छापली गेली तर काय होईल ते सांगायला नको.

डोझिस म्हणजे डोस, डोझ म्हणजे डबा, पत्र्याचा. प्रोव्होकात्सिओन म्हणजे पेशंटला थोडं थोडं खायला देऊन डॉक्टर जी टेस्ट करतात ती, इंग्रजीत फूड चॅलेंज. आनाम्नेझ म्हणजे हिस्टरी. कारेंत्स म्हणजे अव्हॉइडन्स, तो पदार्थ टाळणं. क्वाडल म्हणजे व्हील, प्रिक टेस्टनंतर, म्हणजे कातडीवर अर्काचा थेंब ठेवून हलकंसं टोचतात त्या तपासणीनंतर, उठणारी गांधी, ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर सहसा पॉझिटिव्ह धरतात. फेरओर्डनुंग डॉक्टरच्या कागदावर असेल तर औषधाची चिठ्ठी, युरोपियन युनियनच्या कागदावर असेल तर रेग्युलेशन. बायफूस म्हणजे पायाशी काही संबंध नाही, ती मगवर्ट नावाची वनस्पती, दवण्याच्या जातीतली. पारानुस म्हणजे ब्राझील नट. झेलरी म्हणजे सेलरी खरं, पण जर्मन स्वयंपाकघरात ते बरेचदा जमिनीतला गड्डा असतो, इंग्रजीत सेलेरिॲक, म्हणून पेशंटनं काय खाल्लं ते लिहिताना बघून लिहा.

झेन्झिबिलिझीरुंग आणि ॲलर्जी एक नाहीत. रक्तात त्या प्रोटीनविरुद्ध आयजीई नावाची अँटीबॉडी सापडली ही सेन्सिटायझेशन, खाल्ल्यावर त्रास झाला तर ॲलर्जी. नुसती सेन्सिटायझेशन असलेल्या मुलाला तुम्ही इंग्रजीत ॲलर्जिक लिहिलंत तर त्याचा खाऊ विनाकारण बंद होतो. तसंच उनफेरट्रेग्लिशकाइट म्हणजे इनटॉलरन्स, पण काही जर्मन लेखक त्या शब्दाखाली ॲलर्जी पण धरतात, व्याख्या कुठं दिलीय का ते आधी शोधा.

आणि नाखवाइस. नाखवाइस म्हणजे पुरावा पण, आणि लॅबच्या भाषेत डिटेक्शन. नाखवाइसग्रेंत्स म्हणजे लिमिट ऑफ डिटेक्शन, बेश्टिमुंग्सग्रेंत्स म्हणजे लिमिट ऑफ क्वांटिफिकेशन, ह्यांची अदलाबदल करू नका. रिपोर्टात निश्ट नाखवाइसबार असेल तर नॉट डिटेक्टेबल लिहा, पीनट-फ्री लिहू नका. लॅबनं एवढंच म्हटलंय की आमच्या पद्धतीला ते दिसलं नाही. वाक्य छान गुळगुळीत व्हावं म्हणून आपण जेव्हा फ्री लिहितो तेव्हा लॅबनं न दिलेली हमी आपण देतो, आणि माझ्या भाच्यासारखं एखादं पोर त्या हमीवर बिस्किट खातं. ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, क्लायंटनं आग्रह केला तरी.

आकडे

जर्मनचा स्वल्पविराम म्हणजे आपला दशांशबिंदू, आणि त्यांचा बिंदू म्हणजे हजाराचा स्वल्पविराम. आयजीईच्या रिपोर्टात ०,३५ दिसतं ते इंग्रजीत ०.३५, आणि १.००० म्हणजे एक हजार. मिलियार्ड म्हणजे बिलियन. भाषांतर संपल्यावर फक्त आकडे घेऊन एक वेगळी फेरी मारा, मूळ कागद दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि तुम्ही मोठ्यानं वाचा, आमच्या घरी हे काम माझी आई करते, तिला जर्मन येत नाही पण आकडे येतात.

जुने पेपर आले तर

ॲलर्जी हा शब्दच व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केनं १९०६ मध्ये जर्मनमध्ये लिहिला. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊला, आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ, प्राउस्निट्स आणि क्यूस्टनर ह्या दोघांनी प्रयोग केला. क्यूस्टनरला माशाची ॲलर्जी, त्याचं सीरम प्राउस्निट्सनं स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिथंच माशाचा अर्क टोचला तर गांधी उठली. असल्या काळातल्या कागदात रेआगिन असा शब्द येतो. आज आपल्याला माहितेय की ते आयजीई, पण आयजीईचा शोध लागला १९६६-६७ च्या सुमारास, म्हणून इंग्रजीत रीएजिनच ठेवा, लेखकाच्या तोंडात पुढचं ज्ञान घालू नका.

तपासायचं कुठं, आणि पहिला सराव

मशीन ट्रान्सलेशन वापरायचं तर वापरा, पहिला खर्डा बरा देतं, पण आयवाइस आणि नाखवाइसच्या प्रत्येक जागी स्वतः थांबा, आणि पेशंटचे कागद फुकटच्या मशीनमध्ये टाकू नका. शब्दाचा निकाल लावायला पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची साइट, उघडा, बऱ्याच जर्मन जर्नलमध्ये लेखाचा सारांश इंग्रजीत पण असतो, त्याच विषयाचे दोन-तीन वाचले की डॉक्टर लोक प्रत्यक्षात काय म्हणतात ते कळतं. कायद्याच्या शब्दांसाठी युरोपियन युनियनची युर-लेक्स साइट, एकच नियम दोन भाषांत शेजारी-शेजारी दिसतो. काम घेतानाच विचारून घ्या की इंग्रजी युरोपसाठी का अमेरिकेसाठी, कारण लेबलवर सांगावेच लागतात अशा ॲलर्जीच्या पदार्थांच्या युरोपच्या यादीत १४ नावं आहेत आणि अमेरिकेच्या यादीत ९, तीळ तिथं १ जानेवारी २०२३ पासनं आले, मोहरी आणि सेलरी अजून नाहीत.

सरावाला हाच युरोपचा नियम घ्या, २०११ चा, नंबर ११६९. त्याचं जोडपत्र २ जर्मनमध्ये उघडा, इंग्रजी बाजू झाका आणि १४ नावं स्वतः इंग्रजीत लिहा. त्यातलं सल्फाइट हे प्रोटीन नाही हे तुमचं तुम्हाला ओळखता यायला पाहिजे. मग इंग्रजी उघडून ताडून बघा, आणि जी चुकली ती एका एक्सेल शीटमध्ये टाका: जर्मन शब्द, इंग्रजी शब्द, लॅटिन नाव, कुठल्या कागदात आला, आणि शेवटच्या रकान्यात मराठीत एक ओळ की ती वस्तू नेमकी काय आहे. माझ्या शीटची पहिली ओळ अजून तशीच आहे, एर्डनुस, पीनट, आराकिस हायपोजिआ, आणि शेवटी लिहिलंय: आपल्या चटणीतल्या शेंगा.